रास रुम्मान ते आली: नावांच्या मागे एक शुक्रवार

ऑफिसातला नॉर्वेचा सहकारी दोनेक महिन्यांपूर्वी चहाच्या वेळी त्यांच्याकडच्या गावांची नावं उलगडून सांगत होता. जुन्या नॉर्स भाषेत ‘विक’ म्हणजे खाडी, ‘बी’ म्हणजे वस्ती. मग त्याने मलाच विचारलं, “तुम्ही राहता त्या माहूजचा अर्थ काय?” इतकी वर्षं बहरीनचं मीठ खाऊन मला सांगता येईना. चांगलीच खजील झाले. ठरवलं, शुक्रवारच्या सुट्टीत नावांच्या मागे फिरायचं.

लेकीला, म्हणजे मैत्रीला, सोबत घेतलं. ओढलंच म्हणा ना. पुढच्या महिन्यात ती पुण्याला कॉलेजला जाणार होती. जन्म इथला, आणि आमचं गुहागरजवळचं पालशेत तिने फक्त सुट्टीत पाहिलेलं. “हॉस्टेलमध्ये कुठली म्हणून सांगू? आय ॲम फ्रॉम नोव्हेअर, आई!” हे पालुपद घरात रोज चालू होतं. माझा जीव तुटायचा.

उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, टोपी आणि पाणी विसरू नका. आधी उम्म अल हस्सम या भागात अंडा-पराठा आणि दाट दुधाचा करक चहा झाला, दोघींचं मिळून एका दिनारात. उम्म म्हणजे आई. हस्समबद्दल चहावाला, शेजारचं गिऱ्हाईक आणि मोबाइल यांनी तीन वेगळी उत्तरं दिली. मग रास रुम्मान, म्हणजे डाळिंबाचं भूशिर. भराव घालून समुद्र केव्हाच लांब सारलाय आणि डाळिंब दिसलं ते फक्त ज्यूसच्या दुकानात.

तिथून गाडीने वीसेक मिनिटांवर ‘आली’ नावाचं गाव, अर्थ ‘उंच’. घरांना खेटून हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे मातीचे ढिगारे उभे आहेत. शेजारीच कुंभारांच्या भट्ट्या. चाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या कुंभारबाबांनी हिंदीत विचारलं, “इंडिया में किधर?”

मैत्रीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, “गाव पालशेत. उसी से हमारा नाम पालशेतकर.”

ते खूश झाले. “हम भी सेम! मेरा नाम अल-आली. गाँव का नाम.”

मैत्रीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “तो इधर सबको अल-आली बुलाते हैं?”

“मफी, नहीं!” ते हसले. “इधर तो सब आली का है, कौन बोलेगा? मेरा दादा मुहर्रक गया, काम के लिए. उधर लोगों ने बोला, अल-आली. खलास, नाम हो गया.”

खरंच की! पालशेतमध्ये तरी कोण कुणाला पालशेतकर म्हणतं? परतीच्या वाटेवर मैत्री खिडकीबाहेर बघत रस्त्यावरच्या पाट्या पुटपुटत होती.

माहूजचा अर्थ अजून पक्का कळलेला नाही. मैत्रीची खोली आता रिकामी आहे. काल तिचा पुण्याहून फोन आला. माझ्याशी एरवी अर्धंअधिक इंग्लिशमध्ये बोलणारी पोर चक्क अख्ख्या मराठीत म्हणाली, “आई, इथे एका वर्गात दोन मैत्री आहेत. मला सगळे ‘बहरीनची मैत्री’ म्हणतात.”

“मग? वाईट वाटतं का गं?”

“नाही,” ती म्हणाली. “मी लगेच ओ देते.”