कुंपणावरचा हिरवा दिवा

आमच्या घरात माझ्यावर आजवर जितक्यांदा हात उगारला गेला, तितक्यांदा कारण तुरीच्या दाण्याएवढं होतं. त्याला एलईडी म्हणतात. लाल, हिरवे, पिवळे, निळे असे शंभरेक दाणे मी बिस्किटाच्या डब्यात घालून किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवतो. गिऱ्हाईक साबण मागतं आणि मी सोल्डरिंगच्या धुरातून म्हणतो, थांबा जरा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने करण्यासारखं हे काम नाही, असं बायकोचं मत आहे. ते तिने मला शांतपणे कधीच सांगितलेलं नाही.

पहिला एलईडी मी नऊ व्होल्टच्या बॅटरीला सरळ टेकवला होता. तो लखकन नारिंगी झाला, फटकन फुटला आणि त्याची टोपी माझ्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं. त्यातून शिकलो की मध्ये करंट आवरणारा रेझिस्टर लागतो. मग शिकलो की लालला दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीन हवे असतात, आणि दोघांना एकाच रेझिस्टरवर शेजारी शेजारी जोडलं तर लाल सगळं खाऊन टाकतो, निळा उपाशी राहतो. दादा आणि मी एकाच घरात वाढलो, त्यामुळे हे मला लगेच समजलं.

दादा शेती बघतो. कामठ्याकडच्या रस्त्याला आमच्या धानाच्या बांध्या आहेत. मी दुकान बघतो, म्हणजे घरात दिवे लावतो. पाण्याच्या टाकीला लावले, शॉक देणाऱ्या मिक्सरच्या बोर्डाला लावले, न्हाणीघराच्या दाराला लावले. सगळ्यांना पाठ व्हावा म्हणून नियम एकच ठेवला: लाल म्हणजे हात लावायचा नाही, हिरवा म्हणजे बेलाशक. महिनाभर मी जेवताना हाच नियम सांगत होतो. फक्त दादाने तो मानला नाही. न्हाणीघरावर लाल दिवा असताना त्याने लाथेने दार उघडलं, कडी उडून माझ्या नडगीवर बसली. "आत कोन हाय ते दिव्याले काय विचारू बे?" म्हणाला. "आवाज दे ना!"

वहिनीने मात्र नियम पाळला. तिला वाचता जेमतेम येतं, पण माझे दिवे तिला सगळे वाचता येत. "भाऊजीच्या दिव्यानं मिक्सरचा धसका गेला बाप्पा," असं ती शेजारणीला सांगायची आणि मी दुकानात फुगायचो.

त्या वर्षी धान पिकायला आलं आणि रानडुकरं आली. रोज एक बांधी लोळवून जात. आमचा काळा कुत्रा त्यांच्या अंगावर गेला, तर एका सुळ्याने त्याचं पोट कमरेपर्यंत उघडलं. सकाळी दादा त्याला पोत्यात घालून घेऊन आला, तेव्हा तो जिवंत होता. दादाने त्याच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला. दोन घाव लागले. मी पहिल्यालाच तोंड फिरवलं. त्याच कुदळीने दादाने खड्डा खणला, आणि हात न धुताच सांगितलं, "आज तारेत लाईन सोडतो."

म्हणजे पाण्याच्या मोटरची वीज कुंपणाच्या तारेत. त्यात डुक्कर मरतं, आणि माणूस आला तर माणूसही मरतो. आजूबाजूच्या गावांत मेलेली माणसं आम्हाला ठाऊक होती. हा गुन्हा आहे, हेही ठाऊक होतं.

"दादा, कोनी माणूस मरन."

"मग तू बसत जा राखनीले. चाल आजपासून."

त्या कुत्र्याचं पोट मी पाहिलं होतं. अंधारात काठी घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसण्याइतकी माझी छाती नव्हती. मग भित्र्या माणसाने करावा तसा मी तह केला. म्हणालो, निदान तारेत करंट आहे हे कळायला एक दिवा लावू दे. सकाळी तू खटका पाडलास की दिवा विझेल. दादा म्हणाला, "लाव तुझा काजवा."

एवढ्यावर मी माझा विरोध विकला.

गोंदियाच्या बाजारातला दुकानदार पुड्या पसरून म्हणाला, "कौनसा दूँ भैया, दूधिया के साफ?" लाल होते ते दुधी टोपीचे, जुने, मऊ उजेडाचे. खोलीत छान दिसत, उन्हात पेटलेत की विझलेत ते समजत नसे. हिरवा मात्र साफ टोपीचा होता. दुकानदाराने तो भर दुपारी दाराबाहेर धरून पेटवला आणि माझे डोळे दिपले. माणसाच्या डोळ्याला हिरवा सगळ्यांत चटकन दिसतो, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. दिवसा, लांबून दिसायला हवा होता. शिवाय चार्जरवर, रेडिओवर करंट आला की हिरवाच लागतो. असा तीन बाजूंनी शहाणपणाने विचार करून मी हिरवा घेतला. घरी येऊन त्याला लाईनवर टिकेल असा रेझिस्टर जोडला, औषधाच्या बाटलीत बंद केला आणि फाटकाजवळच्या खांबाला बांधला. घरातला नियम मला आठवलाच नाही. तो इतरांसाठी होता.

चार दिवसांत दोन डुकरं मेली. एकाचं थोबाड तारेला चिकटून जळलं होतं. दादाने खटका पाडून तोंडभर शिव्या देत ते पायाने सोडवलं.

पाचव्या दिवशी दादा पहाटेच रिकाम्या पोत्यांसाठी आमगावला गेला आणि खटका पाडायचा विसरला. घरात कोणाला हे माहीत नव्हतं, आणि कुंपणावरचा दिवा कशाचा तेही मी कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनी इळा-टोपलं घेऊन गवताला निघाली. थोड्या वेळाने मीही निघालो, आणि का निघालो हे सांगायला आजही जीभ जड होते: सकाळच्या उन्हात माझा दिवा कसा दिसतो ते बघायला.

दिसला. दोन बांध्या अलीकडून दिसला. धानाच्या पिवळेपणात हिरवा टिपका असा उठून दिसत होता की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग त्याच्या बाजूला वहिनीचं लुगडं दिसलं. ती फाटकाची तार सोडवायला वाकली होती.

"वहिनी! हात नोको लावू!"

तिने मान वर केली, हसली, आणि मला धीर द्यावा तशी ओरडली, "हिरवा हाय ना भाऊजी!"

आणि तार धरली.

तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो बाईचा नव्हता, माणसाचाही नव्हता. मूठ वळली ती वळलीच. अंग धनुष्यासारखं ताठलं, दात वाजत होते, टोपलं पायाशी नाचत होतं. मी बांधीतून धान तुडवत धावलो. फाटकापाशी वाळलेल्या बांबूची उभारी पडली होती, ती उचलून हाणली. पहिला फटका तारेवर नाही, तिच्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं ऐकू आलं. हात सुटला नाही. दुसरा, तिसरा, मी शुद्धीत नव्हतो, मी माझ्या वहिनीला गुरासारखं मारत होतो. चौथ्याला हात सुटला आणि ती चिखलात पालथी पडली. बाजूला माझा दिवा चकाकत होता. मी उभारी त्याच्यावर घातली. बाटली फुटली, काच माझ्या गालात गेली.

वहिनी श्वास घेत होती.

शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून तिला गोंदियाला नेलं. डॉक्टरला आम्ही धुऱ्यावरून पडली असं सांगितलं. त्याने जळलेल्या तळव्याकडे पाहिलं, माझ्या गालाकडे पाहिलं, आणि विश्वास ठेवला नाही. प्लास्टर घालून, तळव्याला पट्ट्या बांधून दोन दिवसांनी तिला घरी आणलं. दादाने वहिनीला खाटेवर निजवलं आणि मग मला विचारलं.

"हात कोनं मोडला?"

"मी."

त्याने मला अंगणात ओढून पाडलं. नाकावर बसला तो ठोसा मला अजून आठवतो, कारण डोळ्यांपुढे जे चमकलं त्यात माझ्या डब्यातले सगळे रंग होते. आयुष्यात कधी नाही ते मी उलटून मारलं. त्याचा ओठ फाटला. "खटका कोनं पाडला नाही?" मी किंचाळलो. "हिरवा कोनं लावला?" तो किंचाळला. पन्नाशीतले दोन भाऊ एकमेकांचे गळे धरून कोंबड्यांच्या खुराड्यावर कोसळलो. कोंबड्या उधळल्या, खुराडं मोडलं, आणि दादाने हातात आलेलं फळकूट माझ्या पाठीत घातलं.

इतक्यात पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घागर, येऊन आमच्यामध्ये आपटला. वहिनी दारात उभी होती. डाव्या हाताने फेकला होता.

"मारा एकमेकाले," ती म्हणाली. "मी मेली असती त दोघं मांडीले मांडी लावून माह्या तेरवीचं जेवले असते. आता काऊन भांडून राहिले?"

दादा माझ्या अंगावरून उठला. मी नाक पुसलं. त्याच संध्याकाळी, एकमेकांकडे न बघता, आम्ही दोघांनी तार गुंडाळली. मोटरपासून आलेली वायर दादाने कुऱ्हाडीने तोडली. खटका आधी मी स्वतः तीनदा जाऊन पाहून आलो होतो.

नंतर झटका मशीन आणलं. त्याचा झटका क्षणभराचा असतो. डुक्कर किंचाळून पळतं, मरत नाही. राखणीला आता आळीपाळीने जातो, मीही जातो, आणि भितो. मशीनच्या कुंपणालाही खूण हवी होती. मी बिस्किटाचा डबा घेऊन वहिनीसमोर बसलो, लाल वेगळे काढले, म्हणालो, "या वेळी रंग तू सांग."

तिचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच जुळलं होतं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"दिवा कायले पायजे? पाटी लाव. 'हात लावू नका' लिव. मी अक्षर लावून वाचीन."

मी पत्र्याचा तुकडा घासून काढला आणि मन लावून मोठी, गोल अक्षरं रंगवली. गुप्तधन सापडावं तशा आनंदाने पाटी घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. ती पाटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. घरात पोळ्याचा, बैलांच्या शिंगांना लावून उरलेला, एकच रंग होता: हिरवा.

डाव्या हाताची चपराक उजव्यापेक्षा जोरात बसते. त्याच पावली मी गोंदियाला लाल रंग आणायला निघालो, आणि दादा माझ्यासोबत आला. मी काय घेतो ते बघायला.