सुलेखाबाईंची उन्हाळी

"दुसरी चावी पण दे."

"पण म्हणजे? पहिली मी दिली कुठं? दवाखान्यात नळी लावून पडले होते, तेव्हा माझ्या पर्समधून काढलीस तू."

"काढली. दुकान बंद ठेवायला काढली. आणि तू आज मोहियोद्दीनचाचांकडची जादा चावी घेऊन शटर उघडून बसलीस! आई, तुला दुकान झेपत नाय आता. दोन्ही बाह्या उजव्या शिवल्यास तू. लग्नाच्या ब्लाऊजला! त्या मनस्विनीनं डावा हात घातला तर बाही पाठीमागं ओढायला लागली."

"शिवल्या. मीच शिवल्या. का शिवल्या ते बोल."

"वय झालं तुझं."

"वय काय त्या बुधवारी दुपारी झालं व्हय रे? मंगळवारपर्यंत नव्हतं?"

शहागंजच्या या गल्लीत सुलेखाबाईंच्या तोंडाला कुणी लागत नाही. लागतो तो एकटा विश्वजित, त्यांचा मुलगा. जवळच्याच एका मेडिकलवर काउंटरला असतो. जेवणाच्या सुट्टीत तो डबा सोडून आला होता, कारण शेजारच्या कापड दुकानातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तुझी आई मशीनवर बसलीय.

बाईंचं वय सहासष्ट. नवरा कचेरीत कारकून होता, तो गेला तेव्हा विश्वजित नववीत. फॉल-पिकोपासून सुरुवात करून बाई कटोरी ब्लाऊजपर्यंत आल्या. एकतीस वर्षं हेच दुकान, हेच मशीन. माप वहीत लिहितात, पण बघत नाहीत. गिऱ्हाईक पाठमोरं उभं राहिलं की खांदा किती, ते त्यांना दिसतं. आणि तोंड असं, की गिऱ्हाईक म्हणालं, "जरा सैल ठेवा," तर म्हणणार, "सैल ठेवते, पण मग जिलेबी पण चालू ठेव."

तीन वर्षांपूर्वी लघवीचा त्रास सुरू झाला. आली म्हणता थांबायची नाही. दुकानाला संडास नाही, तो मोहियोद्दीनभाईंच्या कापड दुकानामागं. दिवसातून पंधरा वेळा बाई त्यांच्या गिऱ्हाइकांमधून वाट काढत जायच्या. भाई बिचारे काही बोलायचे नाहीत. त्यांचा नोकर मात्र म्हणायचा, "भाभी की एक्सप्रेस निकली!" एकदा एक्सप्रेस वाटेतच थांबली. त्या दिवशी बाई साडी बदलायला घरी गेल्या आणि दोन दिवस दुकानात आल्या नाहीत.

मग बाई डॉक्टर गजाला यांच्याकडं गेल्या. त्यांनी तपासण्या केल्या, काचबिंदू आहे का विचारलं, बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं आणि एक गोळी दिली.

"रोज एक. एक म्हणजे एकच. तोंड कोरडं पडेल, शौचाला घट्ट होईल. जवळचं धूसर दिसायला लागलं तर सांगा. लघवी अडली, थेंब थेंब यायला लागली, किंवा बोलण्यात गडबड व्हायला लागली, तर गोळी बंद आणि सरळ इथं यायचं. सर्दीची साधी गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही."

हे सगळं त्यांनी मराठीत कागदावर लिहून दिलं. कागद विश्वजितनं घेतला. "मी मेडिकलला आहे मॅडम, मला माहितीय," म्हणाला आणि घडी घालून पाकिटात ठेवला.

गोळी लागू पडली. बाईंनी कितीतरी दिवसांनी एक अख्खा ब्लाऊज एका बैठकीत शिवला. अडचण एवढीच झाली, की सुईत दोरा ओवायला टोक ओठात धरून ओलं करायचं, तर तोंडात थुंकीच नाही. "वाळवंट झालंय," त्या मोहियोद्दीनभाईंना म्हणाल्या. भाई म्हणाले, "गोली गरम होगी भाभी, सब्जा पियो." बाईंनाही ते पटलं. तांब्यावर तांब्या सब्ज्याचं आणि धन्याचं पाणी.

तशात कापडाच्या धुळीनं शिंका लागल्या. विश्वजितनं मेडिकलमधून झोप आणणारी सर्दीची गोळी आणून दिली. डॉक्टरांना न विचारता.

आणि त्या सोमवारी बाईंनी त्याला फोन केला.

त्या फोनवरच आता भांडण येऊन थांबलं होतं.

"काय म्हणाले होते मी फोनवर? म्हण."

"उन्हाळी लागलीय म्हणालीस."

"पुढं?"

"सारखं जावं लागतंय म्हणालीस."

"आणि मध्ये? थेंब थेंब येतंय, ते कुठं गेलं?"

"आई, समोर सहा गिऱ्हाइकं होती. उन्हाळी म्हणजे मला वाटलं तुझा जुनाच त्रास वाढला."

"माझ्या माहेरी लघवीचं काहीही बिनसलं की उन्हाळीच म्हणतात. आग झाली तरी उन्हाळी, अडली तरी उन्हाळी. मी शिंपीण आहे, डॉक्टरीण नाय. पण काउंटरला तू उभा असतोस ना? एक प्रश्न विचारायचास, आई, धार येते का? तू काय म्हणालास?"

विश्वजितनं शटरकडं पाहिलं. बाहेर मोहियोद्दीनभाई तागा गुंडाळत होते, फार हळू.

"हळू बोल."

"दोन घे म्हणालास! दोन घे, ठेवतो!"

बाईंनी सोमवारी दोन घेतल्या, मंगळवारी दोन. त्यात सर्दीची गोळी, वर सब्जा. बुधवारी दुपारी त्यांनी दोन उजव्या बाह्या शिवल्या आणि मोहियोद्दीनभाईंना गेलेल्या नवऱ्याच्या नावानं हाक मारून विचारलं, "डबा नेला का?" भाईंनी रिक्षा थांबवली. दवाखान्यात लघवीसाठी नळी घातली तेव्हा लिटरभराहून जास्त निघालं. डॉक्टर गजालांनी विश्वजितला बाजूला घेतलं नाही, बाईंच्या उशाशीच सांगितलं, "थेंब थेंब येत होतं म्हणजे वाढलं नव्हतं. माठ काठोकाठ भरून सांडत होता. आणि तुम्ही तोटी आणखी घट्ट केली." दोन्ही गोळ्या बंद केल्या, तसं चार दिवसांत बाईंचं डोकं स्वच्छ झालं. आता चहा कमी आणि घड्याळ लावून लघवीला जायचं. पुन्हा सोनोग्राफी करून लघवी मागं उरत नाही हे दिसलं, की मगच दुसऱ्या गोळीचा विचार.

"डोकं ठिकाणावर आहे का बघायचंय तुला? बघ."

बाईंनी दोरा तोडला, टोक ओठात धरलं आणि सुईच्या नाकातून एका दमात आरपार काढलं.

"त्यानं काय होतंय? लोक म्हणतायत..."

"लोक नाय म्हणत. तू म्हणतोस. मनस्विनीच्या आईला सांगितलंस, आईला विसरायला होतंय, कपडे देऊ नका. तिनं तीन ब्लाऊज परत नेले. भाईंना सांगितलंस, भ्रमिष्ट झाली. दहा दिवसांत अख्ख्या गल्लीत मला वेडी करून टाकलंस."

"मग काय सांगू? मी दोन घे म्हणालो म्हणून सांगू? मालकाच्या कानावर गेलं तर काउंटरवरून काढतील मला. डॉक्टरच्या चिठ्ठीबाहेर गोळी सांगितली म्हणून. घर कशावर चालणार?"

"तू नववीत होतास तेव्हा कशावर चालत होतं?"

"आई, विषय बदलू नको. चावी दे."

बाईंनी कमरेला खोचलेल्या चावीवर हात ठेवला.

"मालकाला नको सांगू. मनस्विनीच्या आईला सांग. भाईंना सांग, ते तिथंच उभे आहेत, तागा गुंडाळून कधीचा झालाय त्यांचा. एवढंच म्हण, आई वेडी नाय, गोळी जास्त झाली होती. जास्त मी सांगितली."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मला एवढंच सांग विश्वा. तुझं काउंटर राहावं म्हणून माझं मशीन बंद करायचं व्हय?"

विश्वजितनं मग खिशातून पाकीट काढलं, त्यातला डॉक्टरांचा घडी घातलेला कागद मशीनच्या फळीवर ठेवला आणि चावी न घेताच पायरी उतरला. मोहियोद्दीनभाई म्हणाले, "बेटा..." तो त्यांच्या शेजारून, त्यांच्याकडं न बघता, शहागंजच्या गर्दीत निघून गेला.