ताईला दाखवायचं आकाश

माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, नजर अधू होत चालली आहे. पुरती जाण्याआधी तिला एकदा आकाशभर तारे पाहायचे होते. म्हणून या हिवाळ्यात मी तिला डोंगरातल्या एका निसर्ग उद्यानात घेऊन गेलो. तिथं माळावर बसून तारे पाहायचे आणि मग तांदळाची भाकरी नि कुळथाचं पिठलं जेवायचं, असा बेत असतो. पाहुण्यांना तारे दिसावेत म्हणून खालच्या वाडीतली माणसं दारातले दिवेही मालवतात.

अंधार पडला. ताईनं मान वर केली. "थांब जरा, डोळे सरावतायत," ती म्हणाली.

तेवढ्यात मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. हेडलाइट थेट आमच्यावर, आणि त्या उजेडात फोटो काढणं सुरू झालं. मी जाऊन दिवे बंद करायची विनंती केली.

"होईल हो काका. जागा सगळ्यांची आहे," एकजण हसत म्हणाला.

जागा सगळ्यांची म्हणणारी माणसं ती आधी स्वतःपुरती करून टाकतात. अख्ख्या वाडीनं जपलेला अंधार त्यांनी एका बटणानं नासवला. उद्यानाचा व्यवस्थापक शेजारीच उभा राहून पाहत होता. दिवे विझेपर्यंत माळावर दाट धुकं चढलं होतं.

जेवताना ताई म्हणाली, "अरे, दिसले मला थोडे. तू जेव."

ती खोटं बोलत होती. माझी समजूत घालायला तिला खोटं बोलावं लागलं, हा राग मला अजून गिळता आलेला नाही.