नगरच्या स्टँडवर उतरलेले काका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, आईला तर नाहीच. एका माणसाला ठाऊक होतं, तेही मी सांगितलं म्हणून नव्हे. तो माणूस मागच्या माघात गेला. तुम्ही माझे कोण, हे मला माहीत नाही — पण आता बसलाच आहात, तर ऐका.

आम्ही बुऱ्हाणपूरचे. मध्य प्रदेश. घरात मराठी, पण आमची मराठी अशी, की नगरला पहिल्या आठवड्यात मी ‘जेवून राहिलो’ म्हणालो आणि चार माणसं हसली. बाबा यंत्रमागावर होते, जन्मभर. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान मंदावलेले. आम्ही घरात सगळेच जरा मोठ्यानं बोलायचो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नगरच्या एका कंपनीत नोकरी लागली. दुधाचं फॅट मोजायची मशीनं असतात ना, डेअरीवर — ती विकायची आणि बिघडली की गावोगाव जाऊन दुरुस्त करायची. बाबा स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलली तरी खिडकीची दांडी धरून चार पावलं चालले.

मनमाडला उतरून नगरची एसटी धरायची होती. एसटी लागलेली होती. कंडक्टर ‘नगर, नगर’ करत होता. मी बॅग घेऊन तिच्या दाराशी उभा राहिलो, आणि चढलो नाही. ती गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरी. काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. ऊन पडलं होतं, पेरूवाली पेरू विकत होती, आणि माझे पाय दुसऱ्या कुणाचे तरी झाले होते. बावीस वर्षांचा घोडा मी, कधी घराबाहेर राहिलो नव्हतो. दुपारी उलटी गाडी पकडून भुसावळला गेलो. तिथं शाळेतला एक मित्र खोली करून होता. नोकरी महिनाअखेरीला सुरू होणार आहे असं त्याला सांगितलं आणि त्याच्या गादीवर पडून राहिलो. बारा दिवस.

बाबांचा रोज फोन यायचा. जेवण बरं मिळतं का, माणसं कशी आहेत. आणि मी त्यांना नगर सांगायचो. न पाहिलेलं नगर. रस्त्यावर कडुलिंब आहेत, सकाळी धुकं असतं, माझ्या खिडकीतून किल्ला दिसतो. बोलता बोलता मलाही ते दिसायला लागायचं. बाबा फोनवर ‘असं का, असं का’ म्हणत राहायचे. तेवढा वेळ आम्ही दोघंही नगरला असायचो.

बाराव्या दिवशी ऑफिसचा फोन आला. येणार आहात, की दुसरा माणूस घेऊ? आता तुम्ही म्हणाल, ताप आला होता म्हणायचं. अपघात झाला म्हणायचं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं — “निघायच्या दिवशीच वडील वारले, साहेब.”

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. अरेरे. विधी नीट उरकून या, घाई करू नका, जागा तुमचीच आहे.

तिथं थांबलो असतो तर ते नुसतं खोटं राहिलं असतं. पण बाप गेलेला मुलगा डोक्यावर केस घेऊन कसा जाणार? परत मनमाडला उतरलो तेव्हा स्टेशनबाहेरच्या सलूनमध्ये बसलो आणि डोकं करून घेतलं. मिशीसुद्धा. न्हाव्यानं विचारलं, कोण गेलं? वडील, म्हणालो. पाण्याचा हात लावताना फार जपून लावला त्यानं. सकाळचे दहा वाजले असतील. बाबा त्या वेळी मागापाशी उभे असणार, हे मला आरशात बघताना माहीत होतं.

मग मी एसटीत चढलो. यावेळी पाय माझेच होते.

नगरला मला गोरखभाऊच्या हाताखाली दिलं. तो खर्ड्याचा, जामखेडच्या पुढचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. कंपनीचा पिकअप तोच चालवायचा. त्यानं माझ्या डोक्याकडं एकदा पाहिलं आणि माझ्या हातातली हत्यारांची पेटी काढून घेतली. तो आठवीत असताना त्याचे वडील गेलेले. हे त्यानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, पण त्या पहिल्या दिवसापासून मी त्याचा झालो होतो — कशामुळं झालो होतो, ते तुम्हाला कळलंच.

त्या दिवसांविषयी एक सांगू? ते सुंदर होते. खोटं पायाखाली घेऊन माणूस इतका सुखात राहू शकतो, हे मला माहीत नव्हतं. आम्ही पहाटे निघायचो, कारण डेअरीवर दूध यायच्या आत मशीन सुरू व्हावं लागतं. नगर मागं पडायचं आणि काचेवर धुकं यायचं. कधी हिवरे बाजार, कधी कोल्हार, कधी पाथर्डीकडं. उसाच्या गाड्यांचे बैल एकदम समोर यायचे, आधी नुसती शिंगं. मला डुलकी लागायची. जागा झालो की वेगळंच गाव असायचं, आणि कॅन घेऊन उभी असलेली माणसं म्हणायची, “आले का मशीनवाले?” मी नळी साफ करायचो, पंप बघायचो, आकडा बरोबर यायला लागला की म्हाताऱ्या चहा द्यायच्या. मी त्यांच्यासारखं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ म्हणायला लागलो. कुणी हसेना. वाटायचं, मी इथलाच आहे. इथंच कधीतरी जन्मलो आणि माझे वडील लवकर गेले.

बाबांचा फोन गाडीत आला की मी म्हणायचो, “हां आई, बोल.” पलीकडून बाबा हसायचे. अरे मी आहे, मी. मी म्हणायचो, हां आई, संध्याकाळी करतो. त्यांना वाटायचं, मला नीट ऐकू येत नाही. याचेही कान गेले की काय, असं एकदा आईला म्हणाले.

तीन महिने झाले असतील. गोरखभाऊ आणि मी स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. जामखेडकडं जायचं होतं आणि दुपारी त्याच्या घरी जेवायचं ठरलं होतं. फोन वाजला.

“तू तो किल्ला म्हणायचास, तो कोणत्या बाजूला आहे रे?” बाबा म्हणाले. “मी स्टँडवर उतरलोय. माग दोन दिवस बंद आहेत, म्हटलं येऊन जावं.”

माझ्या तोंडाकडं बघून गोरखभाऊनं विचारलं, “काय झालं?”

“काका आलेत,” मी म्हणालो. “गावाकडनं.”

मी त्याला तिथंच थांब म्हणालो असतो. पण तो माझ्या आधी निघाला. बाबा चौकशीच्या खिडकीजवळ उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात मावा-जलेबीचा डबा. मला बघून त्यांचा चेहरा — नाही, ते मला सांगता येणार नाही. मी पुढं झालो, वाकून पाया पडलो, आणि उठता उठता म्हणालो, “गोरखभाऊ, हे माझे काका.”

हळू म्हणालो. बाबांना ऐकू जाऊ नये इतकं हळू. क्षणभर वाटलं, गेलं नाही ऐकू. मग गोरखभाऊनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि स्टँडच्या गोंगाटात त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, “काका, तुमचे भाऊ गेले, लई वाईट झालं बघा. पर पोराची काळजी करू नका. आमी हाय.”

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं — माझ्या डोक्याकडं, जिथं केस बोटभरच वाढले होते. किती वेळ पाहिलं असेल? एक एसटी मागं घेत होते, तिची शिट्टी चालू होती, ती थांबेपर्यंत.

“हो,” बाबा म्हणाले. “धाकटा काका मी याचा.”

मग आम्ही तिघं पिकअपमध्ये बसलो. बाबा मध्ये. जामखेडपर्यंतचा तो रस्ता मला अजून झोपेत दिसतो. दोन्हीकडं ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, आणि वाऱ्यानं सगळी एका बाजूला झुकत होती. बाबांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. ते गोरखभाऊला विचारत होते, ही माती काळी आहे पण पाणी नाही का. हा डोंगर कोणता. माझ्याशी बोलले नाहीत. रागावले होते का? मी चोरून पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुणे म्हणून आलेल्या माणसाचा चेहरा होता — सगळ्याला बरं म्हणणारा.

जामखेडच्या डेअरीवर मी काम केलं. बाबा दारात उभं राहून बघत होते. आकडा बरोबर आल्यावर हळूच मान हलवली.

खर्ड्यात गोरखभाऊच्या आईनं शेंगोळी केली होती. मला ती ‘बिनबापाचं लेकरू’ म्हणायची आणि पहिल्यांदा मलाच वाढायची. जेवणं झाल्यावर ती बाबांसमोर बसली.

“दुखणं होतं का वो तुमच्या भावाला?”

“नाही,” बाबा म्हणाले. “झोपेतच गेला. त्रास झाला नाही.”

“ते एक बरं. पोरावर लई जीव आसंल.”

बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला. “होता,” म्हणाले. “साधा माणूस होता. पण जीव होता.”

मी तिथंच होतो. हातभर अंतरावर, भिंतीला टेकून. मी ऐकलं आणि भिंतीला टेकूनच राहिलो. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. बाबांनी जलेबीचा डबा तिच्यापुढं सरकवला — माझ्यासाठी आणलेला.

संध्याकाळी माझ्या खोलीवर आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, आता बोलतील. मारतील. त्यांनी चप्पल काढली, खिडकीशी गेले, बाहेर पाहिलं. समोर गोडाऊनची भिंत होती. मग म्हणाले, “तुझ्या सांगण्यात आई आहे ना? तिला तर काही केलं नाहीस?”

“आहे,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणाले. “तिला हे सांगू नको.”

एवढंच. का केलंस, कधी केलंस, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना मनमाडच्या गाडीत बसवलं. त्यानंतर ते कधी नगरला आले नाहीत. आई म्हणायची, चला एकदा नगरला विजूकडं जाऊन येऊ, तर यांचे गुडघे दुखायचे. कामाच्या वेळेत त्यांनी मला पुन्हा फोन केला नाही. बोलायचं झालं तर आईला फोन लावायला सांगायचे आणि ती बोलून झाली की मग घ्यायचे. सणाला घरी गेलो की विचारायचे — गोरख बरा आहे? त्याची आई? माझी आठवण सांग. कोण म्हणून सांगायची, ते म्हणत नसत.

तीन वर्षं होती माझ्याकडं. रोज गोरखभाऊच्या शेजारी बसत होतो. तासन्‌तास. एका वाक्याचं काम होतं.

माघात भावाचा फोन आला. खरंच झोपेत गेले. मी ऑफिसात काय सांगितलं असेल? तुम्ही ओळखलंय. काका वारले, म्हणालो. काकांसाठी चार दिवस मिळाले. अग्नी भावानं दिला. पाचव्या दिवशी बॅग भरली, तेव्हा आई म्हणाली, दहाव्यालाही थांबणार नाहीस? रजा नाही, म्हणालो. तिला ते खरं वाटलं. मागितली असती तर गोरखभाऊनं साहेबांशी भांडून रजा मिळवून दिली असती. मी मागितली नाही. मागायची तर का हवी ते सांगावं लागलं असतं.

दहाव्या दिवशी आम्ही कोल्हारला होतो. डेअरीचं काम उरकलं. गोरखभाऊनं गाडी प्रवरेच्या काठाला घेतली.

“काकांचा आज दहावा हाय,” म्हणाला. त्यानं दिवस मोजले होते. “तुला जाता आलं न्हाई. चल, इथं हात जोडू.”

आम्ही खाली उतरलो. पाणी थोडं होतं, संथ. त्यानं चपला काढल्या, पाण्यात उभा राहिला, डोळे मिटून हात जोडले. माझ्या वडिलांसाठी. बराच वेळ. मी त्याच्या शेजारी उभा होतो. आसपास कुणी नव्हतं. त्यानं डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

“लई सरळ मानूस होता रं,” तो म्हणाला. “तुझ्या बापाच्या मागं त्यांनीच तुला बापासारखं बघितलं आसंल.”

“हो,” मी म्हणालो.