चार पेल्यांचा नेम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगू सांगू म्हणत राहिले, आणि ते गेले. तुम्हालाच का सांगतेय — माझं मलाच नवल वाटतंय.

मला मूत्रपिंडाचा आजार आहे, लग्नाआधीपासून. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. भीती नंतर आली. आधी मला त्याची गंमतच वाटायची. किती वेळात भरतो — आकडे मोजत बसायचे. डॉक्टरांनी मीठ तोडलं, पाणी दिवसाला चार पेल्यांवर आणलं. माहेरच्यांनी हे लपवून मला लातूरला दिलं. लपवणं त्यांचं — पुढचं मात्र माझंच.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात नळ कोरडे पडले. सासूबाई रोज सकाळी प्रत्येकाचा तांब्या भरून ओळीनं मांडायच्या. माझा निम्मा तसाच राहायचा. आम्ही लिंगायत. एकदा इष्टलिंग तळहातावर घेऊन मी पूजेला बसले असताना त्यांनी विचारलं, "नेम धरला का गं तू पाण्याचा?"

मी मान हलवली. हातात लिंग असताना.

मग काय — गल्लीभर कौतुक! "शीक जरा हिच्याकडून," सासूबाई माझ्या थोरल्या जावेला, अक्कांना म्हणाल्या. अक्का हट्टी. "तुला जमतंय तर मला का न्हाई?" दुसऱ्या दिवसापासून त्याही आपला निम्मा तांब्या रांजणात ओतू लागल्या. दिवसभर चुलीपुढे असायच्या त्या. ओठ फुटले, लघवीला आग व्हायला लागली. हे त्यांनी फक्त मला सांगितलं.

एक वाक्य बोलले असते तर? कळलं तर माहेरी धाडतील, ही भीती होती. खरी होती. पण तेवढंच होतं का? नाही. धडधाकट बाई माझ्यासारखी किती दिवस काढते, ते मला बघायचं होतं. नडगीवरच्या खड्ड्याकडे बघावं तशी मी त्यांच्याकडे बघत होते — अख्खा उन्हाळा.

मिरगाच्या तोंडावर अक्का अंगणात कळ येऊन लोळल्या. मुतखडा. तो पुन्हा पुन्हा होत राहिला, आणि शेवटी एक मूत्रपिंड काढावं लागलं.

पुढे माझा आजार उघडा पडला. घरानं परस्पर ठरवलं, नेमच हिला भोवला. मी तेही खोडलं नाही.

आता आठवड्यातून दोनदा माझं डायलिसिस असतं. सोबतीला अक्का येतात. मशीन चालू असताना माझे पाय चेपत बसतात. परवा म्हणाल्या, "घरासाठी तू जीव पणाला लावलीस. मला मेलीला तेवढंबी जमलं न्हाई."

त्यांच्या अंगठ्याखाली माझ्या नडगीवर खड्डा पडला होता. तो भरून येईपर्यंत मी आकडे मोजले.