कूलरचं ठिगळ

आमचा कूलर फायबरचा. गेल्या मे महिन्यात त्याच्या टाकीला कोपऱ्यात वीतभर चीर गेली. चार दिवसांनी लेक दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन यायची होती. आमचे हे प्लांटमध्ये असताना फायबरच्या पाइपांना ठिगळं लावत, त्यामुळे नव्या कूलरचं नावच काढू देईनात.

त्यांनी चिरेभोवती रेगमालनं, म्हणजे काचकागदानं, घासलं आणि चिकटवायचं रेझिन आणायला रुआबांध्याच्या बाजारात गेले. दर उन्हाळ्यात कूलर सुरू करण्याआधी मी त्याला कुंकू लावते. चिकण्या फायबरवर ते टिकत नाही. घासलेली जागा खरखरीत दिसली, म्हटलं इथं छान बसेल. तेलात कालवून बोट टेकवलं, तेवढ्यात गेट वाजलं. हे माझ्या कूलरपूजेची थट्टा करतात, म्हणून पदरानं घाईघाईत पुसून टाकलं.

यांनी काचेच्या धाग्यांची चटई कापून बसवली, वरून रेझिन लावलं. दुसऱ्या दिवशी पाणी भरलं, तर ठिगळ अख्खं सुटून हातात आलं.

"दुकानदारानं जुना माल देल्ला! आता त्याच्या तोंडावर फेकतो," म्हणत यांनी चप्पल घातली.

ठिगळाच्या पाठीवर गुलाबी डाग होता. तो मला दिसला, यांना नाही. बिचारा दुकानदार माझ्यामुळं शिव्या खाणार. मी दारात आडवी झाले.

"अजी, जाऊ नका. कुंकू लावलं होतं मी. तेलातलं."

यांनी ठिगळ उलटून पाहिलं. मग खो खो हसत सुटले. "अवं, पोळी तव्याले चिकटू नये म्हणून तूच तेल लावते ना! आता तूच घास."

मी थिनरनं पुसलं, घासलं, पुन्हा पुसलं. हे खुर्चीवरून हुकूम सोडत होते, "चिरेची कडा भाकरीच्या काठासारखी पातळ कर. जाड राहिली का ठिगळ तिथूनच उचलते." ठिगळ चिरेपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठं घेतलं, त्यावर आणखी मोठं दुसरं. मग दिवसभर कोणी हात लावला नाही.

लेक आली त्या सकाळी पाणी भरून खाली पेपर पसरला. दुपारी बाळ कूलरसमोर गाढ झोपलं होतं आणि पेपर कोरडा होता.

"ठिगळ कोणाचं, माईत हाय का?" हे लेकीला सांगत होते. "तुह्या मायचं. माह्यं तर एक दिवस नाही टिकलं."

मी स्वयंपाकघरातच उभी राहिले.

यंदा कूलर काढला, तर ठिगळ जसंच्या तसं. कुंकवाची वाटी पाहून हे म्हणाले, "लाव आता बिनधास्त."

मी ठिगळावरच लावलं. गुळगुळीत रेझिनवरून ते लगेच ओघळलं.