मांडवाचा पूल

देऊळघाटच्या पोळ्यात बैलांच्या रांगेला शेवटी एक सायकल उभी असते. ती उकंडरावांची. त्यांच्याकडे बैल कधी नव्हते. दीड एकर रान, तेही दुसऱ्याच्या बैलांनी नांगरून घेतलेलं. घर चाललं ते दुधावर. ऐन तारुण्यापासून केस पांढरे होईपर्यंत ते रोज पहाटे कॅरिअरला दोन्हीकडून कॅन अडकवून बुलढाण्याला जात आणि रिकामे कॅन वाजवत परत येत. एका वर्षी त्यांनी सायकलला झूल घातली आणि तोरणाखाली नेऊन उभी केली. "जे माहं वझं वाहते, ते माहं जनावर," म्हणाले. लोक हसले. पुढच्या वर्षी कमी हसले. मग तिची जागाच ठरून गेली.

बैलाचं जे जे करतात ते सारं सायकलचं होऊ लागलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळण असते; जू बसून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात. सायकलला खांदा कुठला? कॅन घासून घासून कॅरिअरच्या ज्या दांड्या गुळगुळीत झाल्या होत्या, त्यांना उकंडराव लोणी चोळत. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. कराला बैल जुंपत नाहीत. मग सायकलही जुंपायची नाही. त्या दिवशीचं दूध त्यांची बायको मनकर्णाबाई घरीच आटवून टाकत आणि उकंडराव, शिंपीकाम करणारा तुळशीराम आणि शाळेतले वैजनाथ मास्तर असे तिघं सायकली घेऊन जुन्या रस्त्याने हिंडायला निघत.

जुना रस्ता आता कुठेच जात नाही. नवा झाला, गाड्या तिकडे गेल्या, आणि इंग्रजांच्या काळातले तीन दगडी पूल मागे राहिले, पाहुणे निघून गेलेल्या घरातल्या सतरंज्यांसारखे. पहिल्याच्या कमानी गाळाने अर्ध्या बुजल्यात. दुसऱ्यावर बाभळी उगवल्यात. तिसरा मात्र वेगळा. त्याच्या दोन्ही टोकांना वड आहेत, आणि कुणाला न विचारता ते वर एकमेकांत गेले आहेत. पुलाला छत आहे, पारंब्यांच्या भिंती आहेत. आत शिरलं की उन्हाचा आवाज बंद होतो. त्याला मांडवाचा पूल म्हणतात. तरुणपणी तिघांनी तिथं एक नेम केला होता: उतारावरून यायचं, अंधारात शिरायचं, आणि पाय न टेकता पलीकडे निघायचं. ज्याचा पाय टेकेल त्याने वर्षभर बाकीच्यांच्या शिव्या खायच्या.

यंदा उकंडरावांचं वेगळंच काही पणाला लागलं होतं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. समोरचं दिसे, पण दोन्ही बाजू हळूहळू मिटत चालल्या होत्या, आणि उन्हातून सावलीत गेलं की काही क्षण काहीच नसे. दोस्तांना हे ठाऊक नव्हतं. मनकर्णाबाईंना होतं.

"सायकल आता पुरे झाली," त्या म्हणाल्या होत्या.

"मांडवाचा पूल पाय न टेकता पार केला तं सायकल माही. टेकला तं तू म्हणशील त्याले देऊन टाकू."

"आन टेकला का नाई, हे सांगीन कोन?"

"मीच सांगीन."

मनकर्णाबाई कबूल झाल्या. हा माणूस कसा का असेना, त्याने दुधात कधी पाणी घातलं नव्हतं.

कराच्या सकाळी तिघं निघाले. कपाशी कमरेएवढी झाली होती, सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या. तुळशीराम पुढे, मास्तर मध्ये, उकंडराव मागे. पूर्वी उकंडराव पुढे असत. आता तुळशीरामच्या मडगार्डचा खडखडाट ऐकत गेलं की रस्ता सापडे.

"काऊन बे उकंड्या, मांगं मांगं राहून राह्यला?" तुळशीराम ओरडला. "म्हतारा झाला का?"

"तुले पुढं जाऊ देऊन राह्यलो. तुह्या नशिबात दुसरं काय आहे?"

पहिल्या पुलावर थांबून त्यांनी शेंगदाणे खाल्ले. दुसऱ्यावर मास्तरांनी लग्नानंतर बायकोला डबलसीट आणताना ती इथं पडली होती, ते पुन्हा सांगितलं. दर वर्षी ती थोडी जास्त लांब पडे. रस्ता सपाट होता. उकंडराव पायडल थांबवून सायकलीचा वेग आपोआप जिरू देत होते. ब्रेक त्यांना लागलाच नाही.

मांडवाच्या पुलाआधी उतार आहे. तुळशीराम आणि मास्तर पार होऊन पलीकडे थांबले. उकंडरावांनी उतारावर सायकल सोडली आणि ब्रेक दाबला. सायकल थांबेना. पुढचा ब्रेक कधीचाच तुटलेला, आणि मागचे रबर रिमवर नुसते घसरत होते. परवा खांदमळणीच्या वेळी चाचपडत हात फिरवला तेव्हा दांड्यांबरोबर रिमलाही लोणी लागलं होतं, आणि ते त्यांना दिसलं नव्हतं. वडाची सावली अंगावर आली. पुढे नुसता काळोख. त्यांनी हँडल सरळ धरलं, इतकंच. पायाला काहीतरी सरसरत घासून गेलं. पारंब्या असतील. कुणीतरी किंचाळलं. मग एकदम ऊन, आणि सायकल कपाशीच्या बांधाला जाऊन आपोआप थांबली.

पाय टेकला नव्हता.

"वा रे पठ्ठ्या!" तुळशीराम टाळ्या पिटत आला. "घोडं सुटलं होतं का बे?"

मास्तर हसले नाहीत. "त्या बाईले कसं चुकवलं तू? वीतभर राह्यलं होतं."

"कोन्ती बाई?"

दोघंही त्यांच्याकडे पाहत राहिले. उकंडरावांनी सायकल स्टँडवर लावली आणि पायी पुलाकडे निघाले. आत उभे राहिले, डोळे सरावेपर्यंत. मधोमध एक बाई विस्कटलेलं गवत गोळा करत होती. सायकल आली तेव्हा भारा खाली टेकवून ती सावलीला बसली होती.

"कोन होता तो मेला?" ती म्हणाली. "डोळे होते का गोट्या?"

"मीच होतो. मले दिसत नाई, बाई."

मागे आलेल्या दोघांनी ते ऐकलं.

"मंग सायकलवर कायले बसता, बुवा?"

"आता नाई बसत."

तिने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग गवत आवळून बांधलं. "बरं, हात लावा भाऱ्याले." उकंडरावांनी एका बाजूने भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. ती गेली. तिच्या पायांचा आवाज बराच वेळ दगडांवर येत होता.

परतताना उकंडराव तुळशीरामच्या कॅरिअरवर बसले. मास्तर एका हाताने आपली सायकल चालवत आणि दुसऱ्या हाताने रिकामी सायकल धरून नेत होते.

"सारी मलई तूच खाल्ली लेका," तुळशीराम धापा टाकत म्हणाला. "गावाले नुसतं दूध पाजलं."

उकंडरावांनी त्यांना बायकोशी ठरलेलं सगळं सांगितलं.

"पण पाय तं टेकला नाई तुहा," मास्तर म्हणाले. "वहिनीले तेच सांग. खोटं कुठी आहे?"

"जे झालं ते सांगीन. बाईसकट."

"मंग सायकल गेली."

"गेलीच."

चढाआधी सायकली पुन्हा मांडवात शिरल्या. आजवर इथं उकंडरावांचे हात हँडलवर आणि डोळे पुढच्या उजेडाच्या तुकड्यावर असत. आता हातांना काम नव्हतं. त्यांनी मान वर केली. पारंब्या एकेक करून कपाळावरून, गालावरून, ओठांवरून ओल्या आणि थंड जात राहिल्या, आणि त्यांना वाटलं की इतकी वर्षं आपण या मांडवाखालून नुसते निघून जात होतो. त्यांनी एक पारंबी धरायला हात वर केला.

"हालू नको बे," तुळशीराम म्हणाला, "माहा तोल जाते."